एक्स-रे टेक्निशियन व्हायचंय? फी भरण्याआधी आणि बटण दाबण्याआधी

बारावी विज्ञान, त्यात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र, एवढी तयारी हवी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्ये, म्हसरूळला आहे. कॉलेजचा रेडिओलॉजीचा अभ्यासक्रम संलग्न आहे की नाही, ते फी भरण्याआधी तिथे विचारा. कॉलेजला मात्र एकच प्रश्न नेटाने विचारा: मशीनवर, खऱ्या पेशंटसोबत, हात कधी आणि किती बसेल? पास झाल्यावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी करा.

खरी परीक्षा छातीच्या साध्या एक्स-रेत होते. मंगळसूत्र, लॉकेट, पिना काढायला लावा. वेणी वर बांधा, नाहीतर तिची सावली फुप्फुसाच्या टोकावर पडते. एक्स-रे ट्यूब आणि डिटेक्टर (फोटो टिपणारी पाटी) यांच्यात १८० सेंटिमीटर अंतर ठेवा, म्हणजे हृदयाची सावली फुगत नाही. छाती डिटेक्टरला टेकलेली, हात कमरेवर, कोपरं पुढे. त्याने खांद्याची पाती फुप्फुसांवरून सरकतात. "मावशी, मोठा श्वास घ्या, धरून ठेवा" हे बटण न दाबता एकदा करून घ्या. श्वास अपुरा राहिला की फुप्फुसाचा तळ धुरकट आणि हृदय मोठं दिसतं, आणि डॉक्टरांना नसलेला आजार दिसू शकतो. फोटोत मागच्या ९-१० बरगड्या मोजा. दोन्ही कॉलर बोनची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर नसतील, तर पेशंट वळलेला होता. डावी-उजवी बाजू दाखवणारं मार्कर एक्स्पोजरआधीच लावा.

डिजिटल मशीन फसवतं, याची जाण ठेवा. जुन्या फिल्मवर डोस, म्हणजे किरणांचं प्रमाण, जास्त झाला की ती काळी पडायची. इथे सॉफ्टवेअर सावरून घेतं आणि जास्त डोसचा फोटो उलट जास्त स्वच्छ दिसतो. त्यामुळे हात नकळत सैल सुटतो आणि त्याची किंमत पेशंट मोजतो. दर फोटोला एक्स्पोजर इंडेक्स, म्हणजे डिटेक्टरवर किती किरण पडले ते सांगणारा मशीनवरचा आकडा, बघा. फोटो दाणेदार दिसला तर डोस कमी पडला.

बाईपेशंटला गरोदरपणाबद्दल विचारताना पडद्याआड, हळू आवाजात विचारा. चारचौघांत खरं उत्तर मिळत नाही.

टीएलडी बॅज, म्हणजे तुमच्या अंगावर पडलेला डोस मोजणारा बिल्ला, छातीवर, लेड एप्रनच्या आत लावा. ड्युटी संपल्यावर तो एप्रनलाच लावून एक्स-रे रूममध्ये सोडू नका, न घेतलेला डोस तुमच्या नावावर चढेल. कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (डोस मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३०. एप्रन घडी घालून ठेवू नका, हँगरवर टांगा. घडीवर शिसं तडकतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.