तंबोऱ्याची जवारी स्पीकरवर नीट ऐकू येण्यासाठी

स्ट्रीमिंगचा आवाज तपासायला मिरजेत बनणाऱ्या तंबोऱ्याइतकी चांगली कसोटी नाही. जवारीचा, म्हणजे तारा घोडीला हलक्या घासून उठणारा, झंकार वरच्या स्वरांशांत (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच स्वरांत) असतो आणि कमी बिटरेटला (दर सेकंदाला कमी डेटा) तोच आधी पुसट होतो.

आधी ॲपची सेटिंग बघा. वायफाय आणि मोबाइल डेटासाठी क्वालिटी वेगवेगळी निवडावी लागते. दोन्हीकडे ‘ऑटोमॅटिक’ काढून ‘लॉसलेस’ (आवाजातलं काहीही न गाळणारी क्वालिटी) ठेवा. नॉर्मलायझेशन (सगळ्या गाण्यांचा आवाज एकसारखा करणारी सोय), इक्वलायझर बंद.

खरा फरक ब्लूटूथ सोडल्यावर पडतो. ब्लूटूथचा साधा एसबीसी कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) ३२८ केबीपीएसच्या (दर सेकंदाला किलोबिट) आसपास थांबतो, सीडीच्या दर्जाला १४११ लागतात. म्हणजे लॉसलेसचे पैसे भरूनही ते कानापर्यंत पोचतच नाही. फोनला ओटीजीने (फोनला यूएसबी उपकरण जोडणाऱ्या अडॅप्टरने) यूएसबी डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारी डबी) जोडा आणि तिथून आरसीए केबल ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ किंवा ‘सीडी’ला. ‘फोनो’ला मुळीच नको, ते इनपुट रेकॉर्ड प्लेयरच्या क्षीण सिग्नलसाठी असतं, आवाज फाटेल. फोनचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवून कमी-जास्त ॲम्पवरच करा.

लॅपटॉपवरून ऐकताना घूंऽऽ येत असेल तर चार्जर काढून पाहा. घूं थांबली तर तो ग्राउंड लूप, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको तो प्रवाह. डॅकला ऑप्टिकल इनपुट असेल आणि लॅपटॉपला ऑप्टिकल आउटपुट, तर ती केबल वापरा. तिच्यातून वीज वाहत नाही. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका.