बाळाला पाठीवर घेऊन गोव्याच्या रानात जाताना

बाळाला कॅरियरमध्ये घेऊन रानात जायचं ठरलं की सगळ्यात आधी कॅलेंडर बघावं. आपल्याकडे त्यासाठी खरे दिवस डिसेंबर-जानेवारीचेच. पावसाळ्यात ओहोळ बघता बघता फुगतात, शेवाळलेल्या दगडांवर पाय ठरत नाही, जळवा तर असतातच. मार्चनंतर दमट उकाडा सुरू होतो. मोठ्या माणसाला तो सोसतो, बाळाला सोसत नाही. चालताना आपल्याला घाम येतो, वारा लागतो. बाळ मात्र आपल्या अंगाला चिकटून हलत नाही, आपल्या पाठीची ऊबही त्यालाच मिळते. म्हणून उजाडता उजाडता निघावं आणि ऊन चढायच्या आत, दहा-साडेदहाला परत गाडीपाशी यावं. परत फिरायची वेळ घरीच ठरवावी आणि धबधबा पुढच्या वळणावर असला तरी ती मोडू नये.

कॅरियरच्या बाबतीत मी काटेकोर आहे. पाठीवरच्या फ्रेमच्या कॅरियरला बाळाची मान पक्की धरलेली हवी आणि त्याला आधाराशिवाय बसता यायला हवं. हे साधारण सहाव्या महिन्यानंतर जमतं. त्याआधी कापडी कॅरियर, तोही पुढं, छातीशी आणि सपाट वाटेपुरता. बाळाचं तोंड सतत दिसलं पाहिजे, हनुवटी छातीला टेकलेली नको, नाहीतर श्वास अडतो. गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर, मांड्यांना पूर्ण आधार. फ्रेमच्या कॅरियरमध्ये पाय टेकवायला रिकीब असेल तर ती वापरा, लोंबकळणाऱ्या पायांना मुंग्या येतात. वाकायचं झालं तर गुडघ्यात वाकायचं, कमरेत वाकलं तर बाळ डोक्यावरून पुढं येऊ शकतं. खिशात छोटा आरसा ठेवा, पाठीवरचं बाळ झोपलंय की कावलंय ते त्यात दिसतं.

नऊ किलोचं बाळ आणि तीन किलोचा कॅरियर म्हणजे बारा किलो झाले. बाकी सगळं सामान दुसऱ्याच्या पाठीवर, म्हणजे दुसरं मोठं माणूस सोबत हवंच. ते पुढं चालेल, हातातल्या काठीनं कोळ्यांची जाळी काढेल आणि वरती नजर ठेवेल. वरती बघणं आपल्या रानात फार महत्त्वाचं, कारण पाठीवरच्या बाळाचं डोकं आपल्या डोक्याच्या बरोबरीनं किंवा वर असतं. आंब्याकाजूच्या फांद्यांवर पानं शिवून केलेली हुमल्यांची, म्हणजे चावऱ्या तांबड्या मुंग्यांची, घरटी असतात, खालच्या डहाळीवर चापडा हा विषारी साप वेटोळं घालून बसलेला असू शकतो. खाजकुयलीच्या शेंगा तर याच थंडीत वाळतात आणि त्यांची कुसं वाऱ्यावर उडतात. ती झुडपं वाटेवर दिसली तर मागं फिरा.

पिशवीत काय घ्यायचं ते सोपं आहे. लांब बाह्यांचं सुती झबलं, पायजमा, मोजे, गळ्याखाली बांधायची रुंद काठाची टोपी, दोन दुपटी, लंगोट किंवा डायपर, ओला कचरा परत आणायला पिशवी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी नको, अंगावरचं दूध पुरेसं, त्यामुळे आईनं स्वतः भरपूर पाणी प्यावं. मोठ्या बाळाला उकळून गार केलेलं पाणी घोट घोट, कुस्करलेलं केळं, घट्ट पेज. सनस्क्रीन सहा महिन्यांनंतरच, त्याआधी सावली आणि कपडा. बाळ तापलंय का ते हातपाय चाचपून कळत नाही. मानेमागं बोटं लावून बघा, दर पंधरा-वीस मिनिटांनी. मान घामेजली असेल तर थांबायचं, बाहेर काढायचं, एक कपडा कमी करायचा.

आता गोचीड. 2015 पासून सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि हा ताप गोचिडीतून पसरतो. कोरड्या दिवसांत पाचोळ्यात बारीक गोचिडी असतात, म्हणजे नेमक्या आपल्या फिरण्याच्या दिवसांत. रान सोडून द्या असं मी म्हणणार नाही, पण आधी गावच्या आरोग्य केंद्रात विचारा आणि कुठं माकडं मरून पडल्याचं कानावर आलं तर त्या बाजूला फिरकू नका. दुपटं पाचोळ्यावर कधीही अंथरू नका. बाळाला बाहेर काढायचं ते मोकळ्या कातळावर किंवा मांडीवर. डीटचं (DEET) किडे-गोचिडी दूर ठेवणारं औषध दोन महिन्यांखालच्या बाळाला अजिबात नको, मोठ्या बाळाच्याही तोंडाला आणि हातांना नको. आपल्या पँटला आणि बुटांना लावा, बाळासाठी त्याच्या डॉक्टरांना विचारा.

पहिलं फिरणं चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात करावं. रायबंदरहून फेरीनं जायचं, खारफुटीतून सपाट वाट आहे, बाळाला कॅरियर रुचतो का ते तिथं कळतं. मग तांबडी सुर्ला. महादेवाच्या देवळापर्यंत कुणालाही जाता येतं; पुढची धबधब्याची वाट ओहोळातल्या दगडांवरून जाते, ती बाळ पाठीवर असताना मी टाळते. दूधसागरला रेल्वेरुळांवरून चालत जायचा विचारही नको, ते बेकायदा आहे आणि जिवावरचं आहे. मोले, नेत्रावळीच्या रानात फोन लागेलच असं नाही, म्हणून कुठं जातोय आणि कधी परततोय ते घरच्यांना सांगून ठेवावं, वनखात्याच्या नाक्यावरही. गरज पडली तर रेंज असेल तिथून रुग्णवाहिकेसाठी 108.

घरी आल्यावर आधी सगळे कपडे गरम पाण्यात. बाळाला उजेडात उघडं करून बघा: कानामागं, केसांत, काखेत, जांघेत, गुडघ्यामागं, मानेच्या वळ्यांत. गोचीड चिकटलेली असेल तर तेल, चुना, उदबत्ती काही लावू नका. बारीक चिमट्यानं कातडीला लागून धरा आणि सरळ वर ओढा, जागा साबणानं धुवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की बाळ रानात जाऊन आलंय, आणि कुठल्या रानात तेही.