करंट थांबवायचा नाही, वळवायचा

तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला आम्ही ०८०० हा डॅक, म्हणजे डिजिटल आकड्याचा त्या प्रमाणात करंट करून देणारी चिप, ब्रेडबोर्डवर लावला होता. १६ पायांची चिप, पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली. आउटपुट ४ नंबरच्या पायावर, तो घेतला. २ नंबरचा पाय कशासाठी ते कळेना, म्हणून मोकळा सोडला. स्कोपवर पायऱ्या वेड्यावाकड्या. चिप बदलली, तारा बदलल्या, एकमेकांवर डाफरून झालं. शेवटी डेटाशीटमध्ये एक सूचना सापडली: एक आउटपुट नको असेल तर तो ग्राउंडला जोडा, मोकळा ठेवू नका. जोडला, पायऱ्या सरळ झाल्या, जर्नलवर सही झाली. असं का, ते कुणी विचारलं नाही, मीही नाही. पुढे नोकरीत करंट स्टीअरिंग डॅकवर काम पडलं तेव्हा कळलं की अख्खा विषय त्या सूचनेतच होता.

या जातीच्या डॅकमध्ये प्रत्येक बिटामागे एक करंट सोर्स असतो, तो कायम चालू. बिट १ असो वा ०, करंट तेवढाच वाहतो. फक्त या आउटपुटकडे की त्या, एवढंच स्विच ठरवतो. सोर्स बंद-चालू का करत नाही? कारण करंट अडला की सोर्सच्या तोंडावरच्या नोडचं व्होल्टेज भरकटतं, ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमधून, म्हणजे करंट स्थिर राखणाऱ्या स्थितीतून, बाहेर पडतो आणि परत ताळ्यावर यायला वेळ घेतो. पाचशे मेगाहर्ट्झला एक सँपल २ नॅनोसेकंदांचा. तेवढ्यात हे परवडत नाही.

गावाकडे उसाला दारं धरलेलं असेल तर हे एका वाक्यात समजेल. सारा भरला की आधी पुढच्या साऱ्याचं तोंड फोडायचं, मग मागचं बुजवायचं. उलटं केलंत तर मोटर काही थांबत नाही. पाट तुंबतो, बांध फुटतो, आणि वडील काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. पीमॉस स्विचच्या जोडीत हुबेहूब तेच होतं (पीमॉस म्हणजे गेटचं व्होल्टेज खाली आलं की चालू होणारा ट्रान्झिस्टर; एनमॉस त्याच्या उलट). दोन्ही स्विच क्षणभर एकदम बंद झाले की वरून येणारा करंट मधल्या नोडवर साचतो, व्होल्टेज चढतं, आणि स्विच उघडताच तो साठा आउटपुटवर धाडकन पडतो. हाच ग्लिच. म्हणून दोन्ही गेटच्या लहरी एकमेकींना मधोमध छेदून चालत नाहीत. पीमॉसला छेद खाली हवा, एनमॉसला वर.

किती खाली? इथे मी तीन आठवडे घालवले, तुम्ही घालवू नका. समजा पूर्ण करंट वाहताना स्विचचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे तो चालू व्हायला लागणाऱ्या किमान व्होल्टेजच्या वरचं व्होल्टेज, ०.२ व्होल्ट आहे आणि चालू स्थितीत गेट ०.३ व्होल्टवर. छेदाच्या क्षणी प्रत्येक स्विचकडे निम्मा करंट, म्हणजे साध्या वर्गनियमाने (करंट ओव्हरड्राइव्हच्या वर्गाच्या प्रमाणात) ओव्हरड्राइव्ह √२ पट कमी, सुमारे ०.१४. मधला नोड जागचा हलू नये असं वाटत असेल तर छेद ०.३ अधिक (०.२ वजा ०.१४), म्हणजे ०.३६ च्या आसपास हवा. आजच्या छोट्या ट्रान्झिस्टरला वर्गनियम नीट लागू होत नाही, पण सिम्युलेशन कुठून सुरू करायचं ते कळतं. मी मात्र गेटला एनजीस्पाइस या सिम्युलेटरमधला आदर्श पल्स दिला होता, छेद बरोबर अर्ध्यावर, आणि ग्लिच दिसला की स्विच रुंद करत सुटलो. रुंद केला की गेटपासून आउटपुटपर्यंतचं कपॅसिटन्स वाढतं आणि ग्लिच आणखी मोठा. औषधच रोग वाढवत होतं.

स्विच छोटाच ठेवा, लांबी किमान. मोठा असायला हवा तो सोर्स. मिसमॅच, म्हणजे एकसारख्या काढलेल्या दोन ट्रान्झिस्टरमधला फरक, ट्रान्झिस्टरच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. पेलग्रोमचा १९८९ चा हा नियम या धंद्यात पाढ्यासारखा पाठ असावा लागतो. मिसमॅच निम्मा हवा तर जागा चौपट. त्या धिप्पाड सोर्सचं कपॅसिटन्स चपळ स्विचच्या नोडवर येऊ नये म्हणून दोघांच्या मध्ये कॅस्कोड, म्हणजे आडोशाचा आणखी एक ट्रान्झिस्टर, बसवायचा.

आता वीज. नवीन माणूस इथे हमखास चुकीच्या जागी शोधतो. १० मिलीअँप फुल स्केल आणि १.८ व्होल्ट सप्लाय म्हटलं की १८ मिलीवॅट कायम जाणारच. ते कमी करायचे तर करंट कमी करावा लागतो, म्हणजे सिग्नलही लहान. खरी काटकसर ड्रायव्हर (स्विचचं गेट हलवणारं सर्किट) आणि क्लॉकमध्ये आहे. वरच्या उदाहरणात स्विच पुरता बंद व्हायला गेट ०.२ व्होल्ट वर गेलं तरी पुरतं; धाकधूक नको म्हणून ०.५ घ्या. तरीही आपण सवयीने पूर्ण १.८ व्होल्टचा झोका देतो. ०.५ चा दिला तर त्याच सप्लायमधून ओढलेला चार्ज ३.६ पट कमी होतो, आणि आउटपुटवर झिरपणारा धक्काही त्याच प्रमाणात. वेग आणि काटकसर एकाच दिशेला जातात असं इलेक्ट्रॉनिक्समध्ये क्वचित घडतं. छोट्या झोक्याचा ड्रायव्हर स्वतः किती खातो तेवढं मात्र मोजा. एकदा माझा सगळा फायदा त्याच्या बायसनेच, म्हणजे कायम वाहणाऱ्या करंटनेच, गिळला होता.

क्लॉकचं गणित वेगळं. १० बिटांचे वरचे ६ थर्मामीटर कोडमध्ये (आकडा एकने वाढला की सारख्याच सेलांपैकी आणखी एक चालू) आणि खालचे ४ बायनरी ठेवले तर ६३ अधिक ४, म्हणजे ६७ सेल (सोर्स आणि त्याची स्विचजोडी), आणि प्रत्येकाच्या स्विचआधी क्लॉकच्या ठोक्यावर बिट पुढे सोडणारा एक लॅच. संथ साइन वेव्हला लागोपाठच्या दोन सँपलांमध्ये मोजकेच थर्मामीटर सेल बदलतात, पण क्लॉक दरवेळी सगळ्या ६७ लॅचपर्यंत पोचतो. तारांसकट ३ पिकोफॅरड धरले, तर १.८ व्होल्ट आणि ५०० मेगाहर्ट्झला जवळजवळ ४.९ मिलीवॅट नुसते घंटा वाजवण्यात जातात. लेआउटमध्ये आधी या तारा आखडा.

हात बसवायला महागडी टूल्स लागत नाहीत. स्कायवॉटरची १३० नॅनोमीटरची पीडीके (चिप डिझाइन करायला लागणारी फॅक्टरीची मॉडेल आणि नियम) २०२० पासून मोफत आहे. सर्किट काढायला एक्सस्कीम आणि तपासायला एनजीस्पाइस जोडीला घ्या. त्याआधीची पायरी हवी असेल तर आयआयटी मुंबईचं ईसिम हे सर्किट टूल आहे. एकच सेल काढा, गेटला खऱ्या इन्व्हर्टरने चालवा आणि आउटपुटआधी मधल्या नोडचं व्होल्टेज प्लॉट करा. बेंगळुरूत मुलाखती घेताना मी कागदावर हाच सेल काढून दोन्ही गेट बंद केल्यावर काय होईल ते विचारतो. गुण ८५ टक्के असलेली मुलंही ‘करंट शून्य होईल’ म्हणून मोकळी होतात.

आणि कॉलेजच्या लॅबमध्ये तो ०८०० अजून पडला असेल तर एक करा. त्याच्यापुढचा ७४१ ऑप-अँप काढून टाका. मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट अशा त्याच्या चालीमागे सगळं झाकलं जातं. २ आणि ४ दोन्ही पायांवरून ग्राउंडला शंभर-शंभर ओहमचे रेझिस्टर लावा, रेफरन्स २ मिलीअँप ठेवा आणि काउंटर फिरवा. स्कोपच्या दोन चॅनलवर एक जिना चढेल, दुसरा उतरेल. दोन्हींची बेरीज लावली की उणे ०.२ व्होल्टवर सपाट रेघ दिसायला हवी. १२७ वरून १२८ वर जाताना, जिथे आठही बिट एकदम पालटतात, तिथे टाइमबेस ताणून बघा.