वारसा आणि पर्यटनातली इंटर्नशिप करताय? या चुका टाळा

पुण्यात या क्षेत्रातल्या इंटर्नशिपसाठी येणाऱ्या अर्जांमध्ये एक वाक्य हमखास असतं: "मला इतिहासाची खूप आवड आहे." आवड हवीच. पण अर्ज वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या वेळी वेगळेच प्रश्न असतात. फोटोंच्या ढिगाला नावं कोण देणार? रविवारच्या हेरिटेज वॉकची यादी कोण सांभाळणार? जुन्या नोंदवहीतल्या नोंदी एक्सेलमध्ये कोण उतरवणार? तुम्ही यातलं काय करू शकता ते अर्जात दिसलं पाहिजे, आणि पहिल्या दिवशी करता आलं पाहिजे. बहुतेकांची गाडी अडते ती इथेच.

जागा कोणाची हे न बघता अर्ज करणं

शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, पाताळेश्वर, कार्ले, भाजे ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारकं आहेत. ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या, म्हणजे एएसआयच्या मुंबई मंडळाखाली येतात. विश्रामबागवाडा, लाल महाल आणि नाना वाडा महापालिकेकडे आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था (१९१७) या स्वतंत्र संस्था आहेत. पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवाईतल्या कागदपत्रांचा संग्रह, मात्र पुणे अभिलेखागारात, म्हणजे राज्य सरकारकडे. लाल महालासाठीचं पत्र एएसआयला पाठवलं तर ते बाजूला पडून राहतं आणि विद्यार्थी महिनाभर "उत्तरच येत नाही" म्हणत बसतो.

सरकारी कार्यालयात पत्र टेबलामागून टेबल फिरतं. तिथे निदान दोन महिने आधी अर्ज द्या, पोच घ्या आणि आवक क्रमांक लिहून ठेवा. पुढच्या चौकशीत त्या क्रमांकाशिवाय तुमचं पत्र सापडत नाही. राज्य सरकार आणि महापालिकेत अर्ज मराठीतच द्यावा. तो युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमधली फाइल समोरच्या संगणकावर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते. पीडीएफ करूनच पाठवा, आणि फाइलचं नाव "बायोडाटा फायनल २" असं नको, स्वतःचं नाव आणि विषय असं ठेवा.

संस्थेबद्दल दोन ओळी लिहिताना आधी तिची माहिती वाचा. राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या नावातला "राजा" म्हणजे कुणी संस्थानिक नव्हे. संग्रहालयाचे संस्थापक दिनकर ऊर्फ काका केळकर यांचा राजा हा लहानपणीच गेलेला मुलगा, त्याच्या आठवणीत हे नाव दिलेलं आहे. तिथे "राजेसाहेबांचा संग्रह" असं लिहिलेला अर्ज गेला, तर पुढचं कुणी वाचेल अशी आशा ठेवू नका.

तास मोजताना पंचांग न बघणं

यूजीसीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे इंटर्नशिपचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. रोज ५ तास आणि आठवड्याचे ६ दिवस धरले तर कागदावर बरोबर ४ आठवडे होतात, आणि मुलं तेवढेच धरतात. पण पालख्या पुण्यात मुक्कामी आल्या की पेठांमधले रस्ते बंद असतात. गणपतीत तर दहा दिवस मध्यवस्तीतल्या कार्यालयात पोहोचणंच अवघड. त्यात संस्थेची साप्ताहिक सुटी आणि तुमची अंतर्गत परीक्षा. ५ ते ६ आठवडे हातात ठेवा.

टूर कंपनीत उलटं असतं. मे महिना आणि दिवाळी हा त्यांचा धंद्याचा काळ, तेव्हा शिकवायला कुणाला सवड नसते. शिकायचं असेल तर सीझनच्या महिना-दीड महिना आधी रुजू व्हा. त्या वेळी कोटेशन, बुकिंग, हॉटेलशी बोलणी हे सगळं डोळ्यांसमोर घडत असतं.

वॉकची तयारी म्हणजे भाषण पाठ करणं, असा समज

कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा, नाना वाडा हा पट्टा पायी करायला सोपा, म्हणून बहुतेकांचा पहिला सराव इथेच होतो. चूक होते ती वेळेच्या हिशेबात. ८ थांबे, प्रत्येक थांब्यावर ५ मिनिटं बोलणं, म्हणजे ४० मिनिटं. २० माणसं घेऊन दीड किलोमीटर चालायला, शिवाजी रोड ओलांडण्यासकट, आणखी ४० मिनिटं. प्रत्येक ठिकाणी मागचे लोक येऊन उभे राहीपर्यंत २-३ मिनिटं जातात, ती मिळून साधारण २०. सुरुवातीची हजेरी धरून वॉक दोन तासांत कसाबसा बसतो. तुम्ही प्रत्येक थांब्यावर १० मिनिटं बोललात की तो अडीच तासांवर जातो आणि शेवटचे दोन थांबे कुणी ऐकत नाही. सावकाश बोललं तर ५ मिनिटांत जेमतेम साडेपाचशे-सहाशे शब्द होतात. तेवढंच लिहा.

उभं राहण्याची जागा आधी ठरवून ठेवा. लोकांचं तोंड इमारतीकडे, तुमची पाठ इमारतीला आणि ऊन कुणाच्याही डोळ्यांवर नाही, अशी. सकाळी आठला जिथे सावली असते तिथे साडेदहाला नसते, म्हणून सराव प्रत्यक्ष वॉकच्याच वेळेला करा. स्वच्छतागृह कुठे आहे, ते कधी उघडतं, हेही लिहून ठेवा. ज्येष्ठ नागरिकांच्या गटात पहिला प्रश्न तोच असतो.

एक नियम लक्षात ठेवा. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या आत परवान्याशिवाय गाइडचं काम करता येत नाही. इंटर्न म्हणून तुम्ही परवानाधारक गाइडबरोबर असता, गट मोजता, तिकिटं बघता. आत जाऊन आपणच सांगायला सुरुवात करू नका. साध्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सहसा हरकत नसते, पण ट्रायपॉड लावायचा किंवा ड्रोन उडवायचा तर आधी लेखी परवानगी लागते.

आता मजकुराबद्दल, कारण इथे ऐकीव माहितीचा सुळसुळाट आहे. सध्याचा लाल महाल ही शिवाजी महाराजांच्या काळातली वास्तू नाही, ती गेल्या शतकात नव्याने बांधलेली आहे. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावांचा, पहिल्यांचा नव्हे. शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती १८२८ च्या आगीत गेल्या, लढाईत नाही. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, ही इतिहासातली घटना. "ध चा मा" ही लोकांत रूढ झालेली कथा. दोन्ही सांगा, पण कथेला कथा म्हणूनच सांगा. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले, त्यात पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड आहेत. सिंहगड त्यात नाही, तरी तो घुसडलेले मजकूर सर्रास दिसतात.

शकाचं इसवी सनात रूपांतर करतानाही अशीच गफलत होते. ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असतं. पण शक चैत्रात बदलतो, त्यामुळे जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला, तेव्हा शके १६५१ चालू होतं. ७८ मिळवलेत तर १७२९ येतं आणि फलकावर चुकीचं साल जातं.

संग्रहालयात वस्तू घरच्यासारखी हाताळणं

इथे मात्र चूक झाली की भरून काढता येत नाही.

समईचंच घ्या. घरी आपण ती वरच्या टोकाला किंवा दांड्याला धरून उचलतो. पण समईचे भाग आट्यांनी एकमेकांत बसवलेले असतात. शंभर-दीडशे वर्षांत ते आटे झिजलेले असतात. वरून उचलली की खालची बैठक सुटून पायावर, नाहीतर शेजारच्या वस्तूवर पडते. म्हणून एक हात बैठकीखाली, दुसरा दांड्याच्या मध्यावर, आणि उचलण्याआधी कुठला भाग हलतोय ते बघायचं. तांब्या काठाला धरून उचलू नका, सुरईला कानाला धरू नका. मुळात वस्तू जिथे ठेवायची ती जागा आधी रिकामी करा, मगच हात लावा.

पितळ काळं पडलेलं दिसलं की चिंच, लिंबू नाहीतर रांगोळीने घासायची सवय हाताला लागलेली असते. ती बाहेर ठेवून या. आम्लाने वरचा थर विरघळतो, रांगोळीने बारीक कोरीवकाम झिजतं, आणि त्या काळसर थरातूनच वस्तूचं वय आणि वापर कळत असतो. साफसफाईचा निर्णय संवर्धकाचा. तुम्ही फक्त मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढायची, तीही सांगितली तरच. धातूसाठी नायट्राइलचे हातमोजे वापरा, कारण घामातल्या क्षारांनी ठसे कायमचे उमटतात. कागदासाठी मात्र धुतलेले, पूर्ण कोरडे हात चांगले. सुती मोजे घातले की बोटांना पानाची जाडी कळत नाही आणि कोपरा फाटतो.

पोथीची पानं सुटी असतात. बासन, म्हणजे पोथी बांधलेलं कापड, सोडण्याआधी ती किती आहेत ते नोंदीत बघा, परत बांधताना पुन्हा मोजा. पानाचा क्रमांक बहुधा मागच्या बाजूला असतो, त्यामुळे समोरून पाहून लावलेला क्रम चुकतो. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही. जवळ फक्त पेन्सिल ठेवायची, बॉलपेन दाराबाहेरच राहू दे. क्रमांकाची चिठ्ठी सेलोटेपने चिकटवायची नाही, त्याचा डिंक पिवळा पडून आत मुरतो.

नोंद करताना विशेषणं गाळा. "सुंदर प्राचीन पितळी दिवा" या नोंदीचा कुणालाच उपयोग नाही. उंची, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये, आणि स्थिती अशी: "थाळीच्या डाव्या कडेला २ सें.मी. चीर, वरचा मोर सुटा." धातू पितळ आहे की कासं याची खात्री नसेल तर "पिवळा धातू" लिहा. अंदाज नोंदवहीत एकदा शिरला की पुढची माणसं तेच खरं धरून चालतात.

वाडा मोजताना तुकड्या-तुकड्याने मापं घेणं

आर्किटेक्चर आणि वारसा-नोंदणीच्या मुलांची ही नेहमीची अडचण: घरी येऊन नकाशा काढायला बसलं की भिंती जुळत नाहीत. कारण प्रत्येक खिडकी, प्रत्येक खांब वेगवेगळा मोजलेला असतो आणि दर वेळची अर्ध्या सेंटिमीटरची चूक साचत जाते. ३० मीटरची टेप भिंतीच्या एका टोकाला शून्यावर धरून ठेवा आणि तिथूनच सगळी मापं सलग वाचा. एकाने टोक धरायचं, दुसऱ्याने वाचायचं, जमलं तर तिसऱ्याने लिहायचं. टेपला झोळ पडू देऊ नका.

जुन्या वाड्याची खोली सहसा काटकोनात नसते, म्हणून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या. कर्ण नसतील तर कागदावर सगळं चौकोनी येतं आणि शेवटच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, अर्धा फूट उरतो. खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि वाड्याची रचना खणांतच ठरलेली असते. त्यामुळे आधी चौकाभोवतीचे खण मोजा, बाकीचा आराखडा त्यावरून बसतो. फोटो काढताना एक मापाच्या पट्टीसह आणि एक पट्टीशिवाय घ्या, आणि फाइलला त्याच संध्याकाळी मजला, खोली, दिशा आणि तारीख यांचं नाव द्या. आठवड्याने बघितलं तर सगळे कोनाडे सारखेच दिसतात. लाकडी जिना चढण्याआधी मालकांना विचारा. वरचा मजला बंद ठेवलेला असेल तर त्याला कारण असतं.

पेठेतल्या घरी माहिती घ्यायला दुपारी १ ते ४ या वेळात जाऊ नका. आधी फोन करा, कॉलेजचं ओळखपत्र दाखवा आणि रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी आजी-आजोबांची परवानगी घ्या. त्यांचं "हो" रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच येऊ द्या. वाटणीचा किंवा भाडेकरूचा वाद निघाला तर रेकॉर्डर बंद करायचा.

टूर कंपनीत नकाशावर विसंबून कार्यक्रम आखणं

पुणे ते कार्ले साधारण ६० किलोमीटर. फोन दीड तास दाखवतो. पण रविवारी, पावसाळ्यात, लोणावळ्याच्या दिशेने ५० सीटर बसने तेवढ्यात पोहोचता येत नाही, आणि पुढे लेण्यांच्या पायऱ्या चढायच्या असतात. त्याच दिवशी भाजे आणि लोहगडही घातलेला कार्यक्रम पाहिला की व्यवस्थापकाला कळतं, हा मुलगा तिथे गेलेला नाही.

खर्च काढताना बस, गाइड आणि टोल हा खर्च अख्ख्या गटाचा, तर जेवण आणि तिकीट माणशी. दोन्ही एकाच रकान्यात घातलेत तर ४० ऐवजी २८ माणसं आली की कंपनीला तोटा होतो. दोन वेगळे रकाने करा आणि दर सगळ्यात कमी अपेक्षित संख्येवर काढा. प्रवाशांची नावं ओळखपत्रावर जशी आहेत तशीच लिहा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुरू होतं, जुन्या शीटमध्ये १२० लिहिलेलं असेल तर ते बदला.

शेवटच्या दिवशी कागद गोळा करायला धावणं

दैनंदिनी रोज लिहा: तारीख, आलेली आणि निघालेली वेळ, केलेलं काम. दर शनिवारी मार्गदर्शकांची सही घ्या. महिन्याच्या सह्या एकदम मागितल्या तर कुणी देत नाही, आणि ते बरोबरच आहे. प्रमाणपत्रात कधीपासून कधीपर्यंत, एकूण तास किती, काम कोणतं, सही, शिक्का आणि जावक क्रमांक एवढं असलंच पाहिजे. तास लिहिलेले नसले तर कॉलेज क्रेडिट अडवतं. मसुदा स्वतः टाइप करून निदान एक आठवडा आधी द्या, म्हणजे सही करणारे साहेब रजेवर गेले तरी वेळ हातात राहतो. फोटो, मापं आणि एक्सेल शीट एका फोल्डरमध्ये घालून संस्थेकडे द्या, सोबत कोणत्या फाइलमध्ये काय आहे याची पानभर यादी जोडा. संग्रहातल्या वस्तूंचे किंवा कागदपत्रांचे फोटो स्वतःच्या अहवालात किंवा इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील तर त्याची लेखी परवानगी निघण्याआधीच मागून घ्या.