पावसातल्या भटकंतीला बुटांऐवजी सँडल

पावसाळ्यात बेळगावकडच्या जांबोटी-कणकुंबीच्या जंगलात फिरायला गेलं की पहिल्याच ओढ्यात बूट भरतात. मग दिवसभर पचक-पचक आणि संध्याकाळी टाचेला फोड. त्यापेक्षा पट्ट्यांच्या सँडल घाला, पाणी आलं तसं निघून जातं.

१. टाचेमागे पट्टा हवाच. बोटांपुढे रबराची टोपी असेल तर फारच उत्तम, कारण जांभ्या दगडाची ठेच भलतीच लागते.

२. खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे फुगतात, तेव्हा माप बरोबर कळतं.

३. नवी जोडी थेट जंगलात नेऊ नका. आधी ओली करून राजहंसगड चढून-उतरून या. पट्टा जिथे घासला, तिथे पुढच्या वेळी निघण्यापूर्वीच चिकटपट्टी लावा.

४. ओढ्यात शिरताना पट्टे आवळा. पलीकडे पोचलात की पाय पाण्यातच हलवून खडे काढून टाका.

जळवांचं काय, असं सगळे विचारतात. उलट उघड्या पायावर जळू लगेच दिसते. बुटात ती रक्त पिऊन टम्म फुगेपर्यंत पत्ता लागत नाही. दिसली की कातडीला नख टेकवून कडेने सरकवा, सुटते. ओढून काढू नका.

मात्र दिवाळीनंतर वाळल्या गवतातून जायचं असेल किंवा परतताना अंधार पडणार असेल, तर बूटच घाला. पाचोळ्यात फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, पडलेलं असलं तरी नजरेला येत नाही.