बीपी-शुगरचे पेशंट सांभाळताना या चुका टाळा

नव्याने क्लिनिक टाकलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पेशंट माझ्यापुढे ठेवतात तेव्हा चुका बहुतेक त्याच असतात, फक्त अक्षर बदललेलं असतं.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी देणं. साठी उलटलेल्या एक काकू होत्या. बीपीसाठी अम्लोडिपिन 10 मिलिग्रॅम चालू. संध्याकाळी घोटे इतके सुजायचे की चपलेचा पट्टा लागायचा नाही. एका डॉक्टरांनी सूज बघितली आणि लघवीची गोळी, फ्युरोसेमाइड, लिहून दिली. सूज हलली नाही. हलणार कशी? अम्लोडिपिनने बारीक रोहिण्या रुंदावतात आणि पाणी घोट्याशी पाझरतं; लघवी वाढवून ते ओसरत नाही. युरिक ॲसिड मात्र वाढलं, पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकायला लागला. मग दुसरीकडून डायक्लोफेनॅक, म्हणजे दुखण्यावरची गोळी. बीपी आणखी चढलं, किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन 1.9 वर गेलं, म्हणजे किडनीला धक्का बसला.

काकूंनी औषधांची पिशवी टेबलावर उलटी केली तेव्हा मी एवढंच विचारलं, "काकू, सूज आधीची की ही गोळी आधीची?"

"गोळीच आधीची. महिन्याभरात पाय सुजायला लागले."

हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. डायक्लोफेनॅक आणि लघवीची गोळी बंद केली, अम्लोडिपिन 5 वर आणलं. किडनी सावरल्यावर टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी जोडली आणि दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम पुन्हा बघितलं. नवी तक्रार आली की मी आधी पेन खाली ठेवतो आणि पिशवी मागतो. "काय काय घेता?" एवढ्यावर भागत नाही, कारण गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी लोक औषधात धरतच नाहीत.

दुसरी चूक उपवासाची. ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी लिहून देताना एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, रोजे यांतलं काहीही विचारलं जात नाही. आजी सकाळी नेमाने गोळी घेतात, पोटात काही नाही, दुपारी घाम सुटून थरथरतात. घरच्यांना वाटतं उपवासाचा अशक्तपणा. किडनी अधू असेल तर गोळीचा असर लांबतो आणि शुगर पुन्हा पुन्हा खाली जाते. उलट फराळवाले साबुदाणा खिचडी खाऊन शुगर चढवून येतात. डापाग्लिफ्लोझिन ही लघवीवाटे साखर बाहेर काढणारी शुगरची गोळी; पेटंट संपलं, ती स्वस्त झाली, आता सर्रास लिहिली जाते. पण निर्जळ उपवासात तिने शरीरातलं पाणी कमी होतं आणि कीटोॲसिडोसिसचाही, म्हणजे रक्तात आम्ल साठून जिवावर बेतण्याचाही, धोका असतो. "उपवास सोडा" असं मी सांगत नाही, ऐकणार कोण? कुठला उपवास, निर्जळ की फराळाचा, हे केसपेपरवर लिहून ठेवतो आणि त्या दिवशीचा डोस आधीच ठरवून देतो.

बीपी मोजण्याची घाई तर विचारूच नका. पेशंट जिना चढून आला, तंबाखू थुंकून खुर्चीत टेकला, बोलतोय, आणि शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा उगाच जास्त येतो. पाच मिनिटं गप्प बसवा, पाठीला टेका द्या, दंड हृदयाच्या पातळीत ठेवा, दोनदा मोजा. एवढा वेळ नसेल तर त्या आकड्यावर आयुष्यभराची गोळीही सुरू करू नका. फारच चढलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

नुसत्या उपाशीपोटीच्या शुगरवर डोस हलवू नका. तपासणीआधी दोन दिवस गोड सोडणारे महाभाग भरपूर आहेत. एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, करा, पण लोह कमी असलेल्या पेशंटमध्ये तिचा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो, हेही ध्यानात ठेवा. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी12 जीवनसत्त्व कमी झालंय का बघा. इन्सुलिनवाल्यांचं पोट हाताने चाचपा. रोज एकाच जागी टोचून गाठ झाली असेल तर डोस वाढवून काही होत नाही, जागा बदलायची.

आणि शुगरच्या पेशंटचे मोजे काढायला लावा. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, तळव्याला लागलेलं आणि त्याला न कळलेलं काही, हे सगळं बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत.