दारं धरून आल्यावरची झोप

आमच्या निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी 5 अंशांच्याही खाली उतरतो. पंपाच्या लाइटची पाळी रात्रीवर आली की गव्हाला, कांद्याला पाणी भरायला मळ्यातच मुक्काम करावा लागतो. गेली 26 वर्षं मी हे करतोय. अशा रात्री दोन झोपा होतात. एक लाइट येण्याआधीची, दुसरी दारं धरून, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवून झाल्यावरची. पहिलीला अंग कोरडं असतं, ती कशीही निभावते. माणूस गारठतो तो दुसरीत.

माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी पहाटे साडेतीनला मोटर बंद केली आणि ओल्या पॅन्टीनिशीच ट्रॉलीत आडवा झालो. खाली पत्र्यावर एक गोधडी, वर दोन. पाच वाजता नाना चहा घेऊन आले, तेव्हा मला किटलीचं झाकण उघडता येईना. जीभ जड झाली होती. नानांनी आधी ओले कपडे उतरवले, अंग पुसलं, घोंगडीत गुंडाळलं आणि मग गोड चहा घोट घोट पाजला. हात शेकोटीवर धरू दिले नाहीत, कारण बधिर झालेल्या कातडीला भाजलेलं कळत नाही. माणूस पेंगायला लागला, बरळायला लागला, कुडकुडणं थांबूनही गारच राहिला, तर घरगुती उपाय करत बसू नका, 108 ला फोन करा.

म्हणून दुसऱ्या झोपेची तयारी पाण्याला हात लावायच्या आधीच करून ठेवा. एका प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी पॅन्ट, बनियन, लोकरीचे मोजे, कानटोपी आणि जुना पंचा, तोंड घट्ट बांधून. हे कपडे फक्त झोपायचे, ते घालून वाफ्यात उतरायचं नाही. विहिरीचं पाणी रात्रीच्या हवेपेक्षा कोमट असतं, त्यामुळे दारं धरताना पायांना बरं वाटतं आणि माणूस फसतो. बांधावर आलं की वारा लागतो आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. कितीही दमला असाल तरी पाय, बोटांच्या बेचक्यांसकट, पुसल्याशिवाय अंथरुणात शिरू नका.

आता अंथरूण. बहुतेक जण सगळ्या गोधड्या वर घेतात. खालची गोधडी अंगाच्या वजनाने दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि थंडी सरळ पाठीला भिडते. ट्रॉलीचा पत्रा तर जमिनीपेक्षाही वाईट. मी आधी कांद्याचं कोरडं बारदान दुहेरी घालतो, त्यावर गव्हाचं काड हातभर उंच पसरतो. झोपल्यावर ते चार-पाच बोटं उरतं, तेवढं पुरतं. त्यावर एक जाड गोधडी. बाजेवर झोपणार असाल तर खालून वारा फिरतो, तिथेही हाच थर हवा. दोनच पांघरुणं असतील तर त्यातलं एक खाली घाला, मी हे अनुभवाने सांगतो.

वर घेताना अंगाला मऊ गोधडी, तिच्यावर घोंगडी. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी कडक असते, अंगाला टोचते, पण वारा अडवते आणि दवाने जरा दमट झाली तरी ऊब सोडत नाही. ताडपत्री अंगाभोवती गुंडाळू नका. घामाची वाफ आतच अडकून पहाटे सगळं ओलं होतं. ती हातभर वर, तिरकी बांधा. उघड्या आभाळाखाली दव जास्त पडतं, म्हणून कडुनिंबाखाली झोपलेलंही चांगलं. नाक बाहेर ठेवा, कान झाका.

जागा ओढ्याच्या, नदीच्या काठची नको. गार हवा जड असते, ती रात्री खोलगटात साठते. आमच्याकडे कादवेच्या काठापासून वर, विहिरीच्या चढावर आलं तरी फरक कळतो. डोकं पंपाच्या खोलीच्या भिंतीआड घ्या. गोदावरी-कादवेच्या पट्ट्यात उसात बिबट्या असतो. म्हणून जमिनीवर एकट्याने झोपू नका, दोघं जा आणि दिवा चालू ठेवा. बिबट्या दिसल्याची बातमी असेल त्या रात्री पंपाच्या खोलीतच झोपा, पण आत निखाऱ्याची शेगडी किंवा घमेलं अजिबात नको. निखाऱ्याला धूर नसला तरी त्याच्या विषारी वायूने झोपलेला माणूस उठत नाही.

झोपण्याआधी पोटात काहीतरी असू द्या. मी बाजरीची भाकरी, ठेचा आणि वर गूळ-शेंगदाणे खातो. लघवीला जाऊन या, नाहीतर पहाटे उबेतून उठावं लागतं. दारू घेऊ नका. तिने रक्त कातडीकडे येतं, म्हणून गरम वाटतं, पण आतली ऊब बाहेर निघून जाते. बाटलीत कढत नव्हे, हाताला सोसेल इतकं गरम पाणी भरा, झाकण तपासा, मोज्यात घालून पोटाशी धरा. पाय गरम झाले नाहीत तर तासाभराने ती खाली सरकवा.

उजाडल्यावर काड उलटं करा आणि गोधडी-घोंगडी दुपारपर्यंत उन्हात टाका. रात्रभराचा दमटपणा राहिला तर पुढच्या रात्री तेच अंथरूण गार लागतं.